पाणी मुरेपर्यंत

दिवसाआड पहाटे साडेपाचला नर्मदा येते
लोकमान्य नगरात, आमच्या नळाला.
आधी हवा, मग खाकरणं, मग पाणी.
मी बादलीवर वाकून वास घेते.
नाक सांगतं, आज डोस किंचित जास्त,
रात्रपाळीला कुणी नवा मुलगा असणार.

एकतीस वर्षं फिल्टर प्लांटच्या प्रयोगशाळेत
मी या शहराचं क्लोरिन मोजलं.
बाटलीवर तारीख, वॉर्ड, सही.
काचेच्या बशीत एक ठिपका जरी उगवला
तरी साहेबांना मध्यरात्री उठवलं आहे.
आणि आता, निवृत्तीच्या दुसऱ्या हिवाळ्यात,
चाळीस लिटरच्या काचेत
तेच क्लोरिन थेंबाथेंबानं मारते आहे
एका माशासाठी, जो अजून
मालवा मिलजवळच्या दुकानात
प्लास्टिकच्या पेल्यात उभा आहे.
निळा. शेपूट मावत नाही म्हणून दुमडलेलं.

सोहराब म्हणाला, आंटी, आज ही ले जाओ,
पानी का क्या है, पानी तो पानी है.
मी दोनशे रुपये ठेवले
आणि महिना मागितला.
म्हटलं, पेल्यातलं पाणी तेवढं रोज बदल.
तो हसला. बदलत असावा.

रिकाम्या पाण्यात रोज चिमूटभर खाणं टाकते.
कुजायला.
हे पेपराआडून विचारतात, नैवेद्य कुणाला?
कसं सांगू, ज्यांना जन्मभर मारलं
त्या जंतूंना आता जेवायला घालते आहे.
दगडांना, फिल्टरच्या स्पंजला धरून
ते वस्ती करतील, एक विष खाऊन दुसरं करतील,
दुसरं खाऊन तिसरं, जरा सौम्य.
तोवर मासा आणायचा नाही.
आठव्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं.
ओतून द्यावं म्हणून हात दोनदा उठला.
सवयीचा हात, त्याला काय कळतं.

शेजारच्या किरपेकर वहिनी पोह्यांवर जिरावन भुरभुरत म्हणाल्या,
काय हो, बेटा कधी येणार?
ह्यांचा चमचा थांबला.
मासा, मी म्हटलं, बेटा ही माशाची जात आहे.
मग तसं सांगा की, त्या म्हणाल्या,
आणि बराच वेळ कुणी शेव मागितली नाही.

रात्री पारा सहावर. आम्ही दोघं दोन-दोन गोधड्यांत,
आणि बाहेरच्या खोलीत
कुणीच नसलेलं पाणी सव्वीस अंशांवर ऊबदार.
हीटरचा लाल ठिपका लागतो, विझतो.
लाइटबिल आल्यावर हे म्हणाले,
कुठंतरी पाणी मुरतंय.
हो, म्हटलं, मुरू द्या.

मैदानातलं जंगली बदामाचं झाड याच दिवसांत लाल होतं.
खालून चार वाळकी पानं निवडली, उकळून सोडली.
पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं.
सोहराब सांगत होता, यानं माशाला बरं वाटतं.
याला दुसरा नर चालत नाही,
आरशातलाही नाही. कल्ले फुलवून धावून जातो.
पाण्यात पाहणं म्हणतात ते हेच.
रंगीत पाण्यात स्वतःचं तोंड कमी दिसेल.

परीक्षानळीत पाच थेंब, मग आणखी पाच.
हिरवा हळूहळू पिवळा झाला.
मग जांभळा आला, हटेना,
अकरा दिवस जांभळा.
मी वहीत लिहीत गेले. कुणी विचारणार नसतानाही
आकडा गोल केला नाही.

आज चौतिसावा दिवस. पिवळा. फिका निळा.
दोन्ही शून्य.
उठून कपाटातून जुन्या छापील फॉर्मचा उरलेला एक कागद काढला.
तारीख टाकली. वॉर्डापुढे रेघ.
रंग: तपकिरी. क्लोरिन: नाही. जंतू: मुबलक.
पिण्यास योग्य: नाही.
माझ्याच तक्त्यानं हे पाणी सपशेल नापास.
खाली सही केली, पूर्वीसारखीच, शेवटचं अक्षर जरा लांबवून.

साडेसहा वाजलेत. दुकान अकराला उघडतं.
हे उठले, शाल गुंडाळून काचेपुढे बसले,
वाकून बघत राहिले.
काहीच नाही गं यात, म्हणाले.